राडबोडचा पाय, लियाफबुर्गची बादली

६७८ सालचा हिवाळा. उत्तर समुद्राकाठच्या फ्रिजियन लोकांचा राजा अल्डगिस्ल आपल्या माणसांबरोबर जेवायला बसला होता आणि समोर फ्रँक राज्यातून आलेले जासूद उभे होते. त्यांनी आणलेलं पत्र राजाने सगळ्यांच्या कानावर जाईल असं मोठ्याने वाचून घेतलं. पत्र एब्रॉइनचं होतं. फ्रँकांचा राजा नावापुरता, खरा कारभार या एब्रॉइनच्या हातात. त्याचं मागणं सरळ होतं. यॉर्कचा बिशप विल्फ्रिड तुमच्या आश्रयाला आहे. त्याला जिवंत पाठवा, नाहीतर त्याचं मुंडकं पाठवा, आणि त्याबद्दल मापभर सोन्याची नाणी घ्या. वाचन संपलं. अल्डगिस्लने पत्र हातात घेतलं, टराटरा फाडलं आणि जासुदांच्या डोळ्यांदेखत आगीत टाकलं. तुमच्या धन्याला जाऊन सांगा काय पाहिलंत ते, एवढाच निरोप.

हा विल्फ्रिड तिथे आला होता तो काही फ्रिजियनांच्या उद्धारासाठी नव्हे. इंग्लंडात राजाशी बिनसलं, पदावरून हाकललं गेलं, म्हणून तो पोपकडे दाद मागायला रोमला निघाला होता. नेहमीच्या वाटेवर एब्रॉइनचे लोक टपून बसलेले, म्हणून त्याने उत्तरेचा वळसा घेतला. टपलेल्यांनी त्या वाटेवर एक इंग्लिश बिशप पकडलाही, त्याला लुटलं, त्याच्या सोबत्यांना मारलं. तो निघाला लिचफिल्डचा विन्फ्रिड. नावाच्या घोळापायी बिचारा नागवला गेला.

विल्फ्रिड हिवाळाभर राहिला आणि रिकामा बसणाऱ्यांतला तो नव्हता, म्हणून उपदेश करू लागला. त्या वर्षी मासळी नेहमीपेक्षा जास्त लागली, पीकही चांगलं आलं. लोकांनी त्याचं श्रेय पाहुण्याच्या देवाला दिलं. जवळजवळ सगळे सरदार आणि हजारो सामान्य लोक बाप्तिस्मा घेते झाले, असं त्याचा चरित्रकार स्टीफन लिहितो. स्टीफन विल्फ्रिडचा भक्त, तेव्हा हजारांचा आकडा जरा हात राखूनच घ्यावा. पण एक गोष्ट मानण्यासारखी आहे. नवा धर्म इथे पाहुणा म्हणून आला होता, त्याच्यामागे फौज नव्हती, आणि यजमानाने त्याचं बोलणं ऐकून घेतलं. वसंतात पाहुणा रोमच्या वाटेला लागला आणि पेरलेलं बहुतेक वाळून गेलं. पुढची सव्वाशे वर्षं हाच धर्म पुन्हा पुन्हा इथे आला, पण कधी तो फ्रँकांच्या सैन्याच्या पुढे होता, कधी मागे. फ्रिजियनांच्या धर्मांतराची सगळी गुंतागुंत इथे आहे.

हे लोक राहत कुठे ते आधी पाहायला हवं. आजच्या बेल्जियमच्या टोकापासून नेदरलँड्सचा किनारा धरत जर्मनीतल्या वेजर नदीपर्यंत जी सखल पट्टी जाते, ती त्यांची. धरण-बंधारे अजून व्हायचे होते. भरती आली की समुद्र मैलोन्‌मैल आत शिरायचा, ओहोटीला मागे चिखल आणि खारं गवत. या चिखलात लोकांनी माती आणि शेणखताचे थर चढवत उंचवटे रचले होते. त्यांना टेर्प म्हणतात. घरं टेर्पवर, गुरं टेर्पवर, मेलेली माणसं कित्येकदा त्याच्याच कुशीत. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात फ्रिजियनांच्या शेजाऱ्यांची अशी वस्ती पाहून लिहिलं की भरतीला हे लोक जहाजावरच्या खलाशांसारखे दिसतात आणि ओहोटीला जहाज फुटलेल्यांसारखे. पिण्याला फक्त साठवलेलं पावसाचं पाणी, आणि जाळायला वाळवलेला चिखल. प्लिनीला त्यांची कीव आली होती. ती अनाठायी होती. खाऱ्या गवतावर मेंढ्या उत्तम पोसत, लोकर भरपूर होई आणि होड्या दारातच. सातव्या-आठव्या शतकात राइन नदीच्या फाट्यावरचं डोरेस्टाड हे उत्तर युरोपातलं एक मोठं बंदर होतं. लंडन, यॉर्क, डेन्मार्क, सगळीकडे फ्रिजियन व्यापारी आणि त्यांची चांदीची लहान जाडसर नाणी पोचलेली. टेर्पची माती इतकी कसदार निघाली की गेल्या दोन शतकांत लोकांनी ती खणून खत म्हणून विकली आणि कित्येक उंचवटे अर्धे खाऊन टाकले.

फ्रँकांना डोळ्यांत खुपत होतं ते हे बंदर. डोरेस्टाड ज्याच्या हाती, त्याच्या हाती राइनवरची जकात. ६३० च्या सुमारास फ्रँक राजा डॅगोबर्टने युट्रेख्टच्या जुन्या रोमन किल्ल्यात एक लहानसं चर्च असलेली जागा कोलोनच्या बिशपला दिली. अट घातली की फ्रिजियनांत धर्मप्रचार करावा. त्या बिशपांनी प्रचार केला नाही. किल्ला फ्रिजियनांकडे गेला आणि चर्च मोडलं. किल्ला आणि चर्च एकाच भिंतीआड असण्याचा अर्थ त्या लोकांनी बरोबर ओळखला होता.

अल्डगिस्लनंतर आला राडबोड. युरोपच्या दंतकथांत हा हट्टी काफिर राजा म्हणून अमर झाला आहे. कथा अशी: वुल्फ्राम नावाच्या बिशपने त्याचं मन वळवलं. राडबोड बाप्तिस्म्याच्या कुंडाशी आला, एक पाय पाण्यात टाकला आणि थबकला. त्याने विचारलं, माझे वाडवडील, फ्रिजियनांचे आधीचे राजे, ते कुठे आहेत? तुम्ही म्हणता त्या स्वर्गात की नरकात? बिशप म्हणाला, बाप्तिस्मा न घेता मेले, ते नरकातच असणार. राडबोडने पाय मागे घेतला. मूठभर भिकाऱ्यांबरोबर स्वर्गात बसण्यापेक्षा आपल्या पूर्वजांच्या संगतीत राहिलेलं बरं, असं म्हणून तो निघून गेला.

गोष्ट झकास आहे. खरी बहुधा नाही. ती राडबोडच्या मृत्यूनंतर ऐंशीएक वर्षांनी फ्रान्समधल्या फोंतनेल मठात लिहिलेल्या वुल्फ्रामच्या चरित्रात येते, आणि इतर नोंदी पाहिल्या तर वुल्फ्राम त्या प्रसंगाच्या बऱ्याच आधी वारला असावा. मठाला आपला संत मोठा करायचा होता. तरीही लिहिणाऱ्या भिक्षूने, कळत-नकळत, राडबोडच्या तोंडी नेमका प्रश्न घातला. टेर्पच्या मातीत आजे-पणजे पुरलेल्या माणसाला स्वतःच्या आत्म्याची एकट्याने सोय लावणं हा विचारच विचित्र वाटला असणार. कुळाबाहेर पडून मिळणारा स्वर्ग कोणाला हवा होता?

खरा राडबोड दंतकथेतल्याइतका सरळसोट नव्हता. विहत्बर्ट नावाचा इंग्लिश साधू त्याच्या राज्यात दोन वर्षं उपदेश करत राहिला. राडबोडने त्याला केसाचाही धक्का लावला नाही, आणि बदललाही नाही. साधू कंटाळून आयर्लंडला परतला. ६९० च्या सुमारास फ्रँकांचा नवा कारभारी पेपिन याने राडबोडचा पराभव करून राइनच्या मुखाकडचा प्रदेश घेतला. त्याच सुमारास, ६९० मध्ये, अकरा सोबत्यांसह विलिब्रॉर्ड समुद्र ओलांडून आला. नॉर्दंब्रियात जन्मलेला, विल्फ्रिडच्याच मठात वाढलेला, पुढे आयर्लंडात शिकलेला. वय तेहेतिशीच्या आसपास. त्या काळची इंग्लिश आणि फ्रिजियन बोली इतक्या जवळच्या की पहिल्या दिवसापासून संवाद जमला असावा. इंग्लिश माणसांना हे काम सुचण्यामागे हे एक कारण होतंच.

विलिब्रॉर्ड राडबोडकडे गेला नाही, थेट पेपिनकडे गेला. पेपिनने त्याला नुकत्या जिंकलेल्या मुलखात पाठवलं, कोणी त्रास देणार नाही अशी हमी दिली आणि धर्म स्वीकारतील त्यांना सवलती दिल्या. हे मी टीका म्हणून सांगत नाही. बीड हा धर्मनिष्ठ इतिहासकार ते कौतुकाने नोंदवतो. ६९५ मध्ये पोप सर्जियसने विलिब्रॉर्डला रोममध्ये फ्रिजियनांचा आर्चबिशप म्हणून अभिषेक केला आणि पेपिनने त्याला युट्रेख्टचा किल्ला दिला. पुन्हा तोच किल्ला, त्यात पुन्हा चर्च. विलिब्रॉर्डची एक दिनदर्शिका आज पॅरिसला आहे. तिच्या समासात त्याने म्हातारपणी, ७२८ मध्ये, स्वतःबद्दल चार ओळी लिहून ठेवल्या आहेत: अमुक साली समुद्र ओलांडला, अमुक साली अभिषेक झाला, आपली लायकी नसताना. आयुष्यभर धडपडलेल्या माणसाने इतकं कमी लिहावं याचं मला अप्रूप वाटतं.

राडबोड आणि विलिब्रॉर्ड यांची खरी गाठ एका बेटाच्या निमित्ताने पडली. विलिब्रॉर्ड डेन्मार्कहून परतत होता. तिथल्या राजाने दाद दिली नाही, तरी तीस मुलगे शिकवायला म्हणून बरोबर घेऊन तो निघाला होता. वादळाने होडी एका बेटावर नेली. बेट फोसिटे नावाच्या देवाचं. आजचं हेल्गोलँड, असं समजलं जातं. अगदी जागृत ठिकाण. तिथल्या गुरांना कोणी हात लावायचा नाही, आणि झऱ्याचं पाणी भरताना तोंडातून शब्द काढायचा नाही. विलिब्रॉर्डने तीन माणसांना त्या झऱ्यात, अर्थातच मोठ्याने मंत्र म्हणत, बाप्तिस्मा दिला आणि सोबत्यांच्या जेवणासाठी देवाची गुरं कापली. आसपासच्या लोकांना वाटलं, आता हे वेडे होतील किंवा जागीच मरतील. तसं काही झालं नाही, तेव्हा त्यांनी राडबोडला कळवलं.

राजा भडकला. पण त्याने तलवार उपसली नाही, कौल लावला. तीन दिवस, रोज तीन वेळा, चिठ्ठ्या टाकून देवाला विचारलं की यांतला कोण मारावा. विलिब्रॉर्डवर कौल एकदाही आला नाही. सोबत्यांपैकी फक्त एकावर आला आणि त्याला मारलं गेलं. मग विलिब्रॉर्डला बोलावून जाब विचारला. तो खाली मान घालणाऱ्यांतला नव्हता. तुझा देव देव नाही, सैतान आहे, असं त्याने तोंडावर सुनावलं. आणि राडबोडने त्याला मानाने पेपिनकडे परत पाठवलं. हे सगळं विलिब्रॉर्डचा नातलग अल्क्विन याने शंभर वर्षांनी लिहिलेल्या चरित्रातून कळतं. अल्क्विनला दाखवायचा होता देवाचा चमत्कार. त्यातून दिसतो तो असा राजा, ज्याच्या मनात काहीही असो, आपल्या कायद्यापुढे तो वाकतो.

त्याचं राजकारणही कच्चं नव्हतं. ७११ च्या सुमारास त्याने आपली मुलगी पेपिनचा मुलगा ग्रिमोआल्ड याला दिली. ७१४ मध्ये ग्रिमोआल्डचा खून झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस पेपिनही गेला आणि फ्रँकांच्या घरात भाऊबंदकी पेटली. राडबोडने संधी साधली. ७१६ मध्ये तो जहाजांचा ताफा घेऊन राइनमधून वर कोलोनपर्यंत गेला आणि पेपिनचा आणखी एक मुलगा चार्ल्स मार्टेल याला त्याने धूळ चारली. पुढे अरबांना फ्रान्समध्ये अडवणारा तो हाच चार्ल्स. त्याच्या कारकिर्दीतला हा एकच पराभव. इकडे फ्रिजियामध्ये चर्चं पडली, जुनी देवळं पुन्हा उभी राहिली, आणि विलिब्रॉर्ड एख्टरनाखच्या आपल्या मठात निघून गेला. त्याच वर्षी एक नवा इंग्लिश साधू युट्रेख्टला येऊन राडबोडला भेटला. राजाने त्याचं ऐकलं आणि जाऊ दिलं. साधू शरदात हात हलवत घरी परतला. त्याचं नाव विन्फ्रिड, पण लिचफिल्डचा तो नव्हे; जग त्याला बोनिफेस म्हणून ओळखतं. ७१९ मध्ये राडबोड मरण पावला. बातमी कळताच बोनिफेस परत आला आणि तीन वर्षं विलिब्रॉर्डच्या हाताखाली राहून पुढे जर्मनीकडे वळला.

राडबोडनंतर फ्रिजियनांत तेवढ्या ताकदीचा कोणी उरला नाही. ७३४ मध्ये चार्ल्स मार्टेलने समुद्रमार्गे फौज नेली, बोर्ने नदीवर फ्रिजियनांचा पुढारी बुबो पडला, देवळं जाळली गेली आणि लाउवर्स नदीपर्यंतचा मुलूख फ्रँकांचा झाला. विलिब्रॉर्ड ७३९ मध्ये एक्याऐंशी वर्षांचा होऊन एख्टरनाखला वारला.

बोनिफेसने जर्मनीत नाव काढलं, आर्चबिशप झाला, बिशपांच्या गाद्या आखून दिल्या. ऐंशीच्या घरात आल्यावर त्याला पुन्हा फ्रिजियाची ओढ लागली. निघताना शिष्य लुल याला म्हणाला, प्रवासाला लागणारं सगळं बांध, आणि पुस्तकांच्या पेटीत माझ्या अंगावर घालायला एक तागाचं कफनही ठेव. म्हाताऱ्याला काय ते ठाऊक होतं. ७५४ च्या जूनमध्ये डॉक्कुमजवळ, बोर्ने नदीच्या काठी त्याने तंबू ठोकले. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना ५ जूनला तिथे हात ठेवून आशीर्वाद द्यायचा होता. सकाळ झाली, पण आले ते ढाली-भाले घेतलेले लोक. बरोबरच्या तरुणांनी शस्त्रं उचलली. बोनिफेसने तंबूतून बाहेर येऊन त्यांना थांबवलं. परंपरेप्रमाणे त्याच्यासह पन्नासहून जास्त माणसं मारली गेली, त्यांत युट्रेख्टचा बिशप इओबानही होता.

हल्लेखोर मग होड्यांतल्या पेट्यांकडे धावले. आधी दारू सापडली, ती प्यायले. मग सोन्याचांदीच्या वाटणीवरून आपसांतच जुंपली आणि कित्येक एकमेकांच्या हातून मेले. उरलेल्यांनी पेट्या फोडल्या तर आत पुस्तकं. संतापून त्यांनी ती शेतांत उधळली, दलदलीत फेकली. पुढे त्यांतली काही सापडली. जर्मनीत फुल्डाला एक हस्तलिखित जपून ठेवलंय. त्याच्या पानांतून आरपार गेलेले धारदार हत्याराचे घाव आहेत, आणि बोनिफेसने वार चुकवायला हेच डोक्यावर धरलं अशी श्रद्धा आहे. पुस्तक शुभवर्तमानाचं नाही, धर्मसिद्धांतांच्या वादविवादांचं आहे. चित्रकारांनी मात्र त्याच्या हाती बऱ्याचदा शुभवर्तमानच दिलं.

हा नुसता दरोडा होता, असं म्हणून काही अभ्यासक मोकळे होतात. मला ते पटत नाही. ज्यांची देवळं वीसच वर्षांपूर्वी फ्रँकांनी जाळली, त्यांच्या मुलखात फ्रँकांच्या छत्राखाली तंबू ठोकणारा माणूस लुटारूंना निवांतपणे मारता येईल असा वाटला, यातच राजकारण आलं. शिवाय तीन दिवसांनी काय झालं ते बोनिफेसचा चरित्रकार विलिबाल्ड लपवत नाही. ख्रिस्ती फौज चालून आली, तिने कत्तल केली, बायकामुलं आणि गुलाम धरून नेले; उरलेले लोक घाबरून ख्रिस्ती झाले. पुढे त्या जागी चर्चसाठी टेर्प रचला गेला. राजाचा अंमलदार अब्बा घोड्यावरून काम पाहत फिरत असताना एका माणसाच्या घोड्याचे पुढचे पाय अचानक जमिनीत रुतले. घोडा ओढून काढला तर खाली गोड्या पाण्याचा झरा. खाऱ्या चिखलात पावसाच्या पाण्यावर जगणाऱ्या लोकांना हुतात्म्याचा याहून मोठा चमत्कार कोणता दाखवणार?

इथपर्यंतची गोष्ट राजांची आणि परदेशी साधूंची झाली. पण धर्म बदलला तो घरांतून, आणि अशा एका घराची आतली हकिकत सुदैवाने टिकली आहे. ती लिहिली आल्टफ्रिडने, नवव्या शतकात. नायक त्याचाच नातलग, लिउडगर: जन्माने फ्रिजियन, युट्रेख्टजवळचा.

लिउडगरचा आजा वुर्सिंग हा प्रतिष्ठित माणूस, न्यायनिवाड्यात कोणाची भीड न धरणारा. राडबोडशी त्याचं वाजलं आणि गरोदर बायकोला घेऊन तो फ्रँकांकडे पळाला. तिथे ग्रिमोआल्डच्या आश्रयाला राहून ख्रिस्ती झाला. म्हणजे त्याच्या बाप्तिस्म्यामागे एक भांडण होतं. पुढे राडबोड आजारी पडला आणि त्याने वुर्सिंगला परत बोलावलं. वुर्सिंगला भरवसा वाटला नाही. त्याने धाकट्या मुलाला, थियाडग्रिमला पाठवून दिलं. राडबोडने स्वतः मरेपर्यंत त्या ख्रिस्ती मुलाला आपल्याजवळ मानाने सांभाळलं. हाच थियाडग्रिम लिउडगरचा बाप.

आणि आई लियाफबुर्ग. ती जगली हेच नवल. तिच्या आईला मुलीच होत होत्या, मुलगा नाही. तिची आजी, बापाची आई, जुन्या धर्माची. नात झाल्याचं कळताच म्हातारीचं डोकं फिरलं. मूल आईच्या अंगावर प्यायच्या आत उचलून आणा आणि बुडवा, असं तिने माणसांना फर्मावलं. घाई होती, कारण फ्रिजियनांचा रिवाजच तसा होता: नवजात बाळ मारायचं तर त्याच्या तोंडात अन्न जायच्या आत, एकदा का त्याने काही चाखलं की मारणं गुन्हा. गुलामाने पोर पाण्याच्या बादलीवर धरली. तिने हात पसरले, दोन्ही मुठींनी बादलीचा काठ पकडला आणि सोडेना. नुकतं जन्मलेलं पोर, पण झटापट झाली म्हणतात. तेवढ्यात शेजारची एक बाई आली. तिने पोर हिसकावून घेतली, घरात धावली, दार लावलं आणि तिच्या ओठांना मध लावला. पोरीने तो चाटला. मारेकरी दारात आले तेव्हा बाईने मधाने माखलेले ओठ दाखवले. झालं. मालकिणीला सांगायची त्यांची हिंमत होईना, पण पोरीला हात लावायचीही सोय उरली नाही. त्या बाईने तिला शिंगातून दूध पाजत लपवून वाढवलं. आई गुपचूप लागेल ते पाठवत राहिली. म्हातारी मेल्यावरच पोर घरी आली.

आल्टफ्रिड यात देवाची योजना पाहतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. लियाफबुर्ग वाचली ती नव्या धर्मामुळे नाही. जुन्या रिवाजातल्या फटीतून ती वाचली, आणि ती फट नेमकी ठाऊक असलेल्या एका बिननावाच्या शेजारणीमुळे. आल्टफ्रिडने गुलामाच्या हातातली बादलीसुद्धा टिपली, पण त्या बाईचं नाव लिहिलं नाही. तिच्या मधाच्या बोटावर पुढचा सगळा फ्रिजियन चर्चचा इतिहास उभा आहे, कारण लियाफबुर्गचे मामा हे फ्रिजियनांतले पहिले धर्मसेवक झाले आणि तिचा मुलगा पहिला नामांकित फ्रिजियन बिशप.

लिउडगर युट्रेख्टच्या शाळेत शिकला, मग यॉर्कला अल्क्विनकडे. तिथून त्याला अर्ध्यातच निघावं लागलं. यॉर्कमध्ये फ्रिजियन व्यापाऱ्यांची वस्ती होती. मारामारीत एका व्यापाऱ्याच्या हातून कुणा सरदाराचा मुलगा मेला, आणि सूड उगवला जाईल म्हणून सगळे फ्रिजियन शहर सोडून पळाले. लिउडगरही निघाला, पण पुस्तकं बरोबर घेऊन. पुढे युट्रेख्टच्या बिशपने त्याला फ्रिजियामध्ये देवळं पाडायला पाठवलं. देवळांत बराच खजिना निघाला. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने त्याचे दोन हिस्से स्वतः घेतले आणि तिसरा बिशपला दिला. आल्टफ्रिड हे सांगतो तेव्हा त्याच्या स्वरात काही संकोच नाही.

७७७ मध्ये दीक्षा घेऊन लिउडगर डॉक्कुमला, बोनिफेस पडला त्याच गावी, सात वर्षं राहिला. ७८४ मध्ये सॅक्सन पुढारी विडुकिंडचं बंड फ्रिजियापर्यंत पसरलं. चर्चं जळली, धर्मगुरू पळाले, लोक पुन्हा जुन्या देवांकडे गेले. लिउडगर इटलीत माँते कासिनोला जाऊन बसला. परतल्यावर शार्लमेनने त्याला लाउवर्सच्या पूर्वेचे पाच परगणे दिले. तो फोसिटेच्या बेटावरही गेला, देवळं पाडली, चर्च बांधलं आणि विलिब्रॉर्डच्या त्याच झऱ्यात लोकांना बाप्तिस्मा दिला.

याच भागात त्याला बर्नलेफ भेटला. आंधळा गायक. जुन्या पराक्रमांच्या आणि राजांच्या लढायांच्या गोष्टी वीणेवर गाणारा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा लाडका. एका बाईच्या घरी जेवण चाललं असताना लोकांनी त्याला आणलं. लिउडगरच्या हातून त्याला दृष्टी आली, असं चरित्र म्हणतं. पुढे लिउडगरने त्याला स्तोत्रं शिकवली. मला यात चमत्काराइतकीच माणसाची निवड मोलाची वाटते. ज्या गळ्यात पूर्वजांची गाणी होती, तोच गळा आता नव्या देवाला मिळाला. ७९२ मध्ये पुन्हा बंड झालं, धर्मगुरू पुन्हा हाकलले गेले. पण या वेळी एक फरक होता. बर्नलेफ कुठेच गेला नाही. तो घरोघरी फिरून आयांना समजावत राहिला आणि मरायला टेकलेल्या तान्ह्यांना स्वतःच्या हाताने बाप्तिस्मा देत राहिला. विलिब्रॉर्डला पळावं लागलं, लिउडगरला पळावं लागलं. बर्नलेफ मात्र तिथलाच होता.

लिउडगर म्यून्स्टरचा बिशप होऊन ८०९ मध्ये वारला. त्याच सुमारास शार्लमेनच्या राज्यात फ्रिजियनांचा कायदा लॅटिनमध्ये लिहून काढला गेला. त्याचं हस्तलिखित उरलेलं नाही, १५५७ मध्ये बाझेलला छापलेली प्रत तेवढी आहे. पुरा न झालेला खर्डा असावा असं ते वाचताना सतत जाणवतं. त्यात चर्चचे नियम आहेत: रविवारी मजुरीचं काम केलं तर लाउवर्सपलीकडे बारा सुवर्णनाण्यांचा दंड, इतरत्र चारचा. वीणावादकाच्या हाताला इजा केली तर नेहमीपेक्षा जास्त भरपाई आहे. ज्यांना मारलं तर भरपाई द्यावी लागत नाही अशांच्या यादीत, आईने जन्मतःच मारलेलं मूलही आहे. आणि पुरवणीच्या शेवटी देवळांच्या मानाबद्दल एक कलम आहे, ते खोडायचं कोणाला सुचलं नाही. जो देऊळ फोडून आतलं पवित्र धन नेईल, त्याला समुद्रावर न्यावं, भरती झाकते त्या वाळूत त्याचे कान चिरावेत, त्याला खच्ची करावं आणि ज्या देवांचं देऊळ विटाळलं त्यांना बळी द्यावं. ख्रिस्ती राजाच्या अमलात लिहिलेल्या या कलमाप्रमाणे पाहिलं, तर वाळूत उभं राहायची पहिली पाळी लिउडगरची होती. त्याच्या मागोमाग, दोन तृतीयांश वाट्यासकट, शार्लमेनची.